बोगस गिऱ्हाइकाचे कपडे

हवालदार दशरथ मांडवकरांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असायची. त्या बुधवारी त्यांनी नवघरच्या बाजारातून सुरमई आणली, ती महाग आणली म्हणून बायकोची, शैलाताईंची, बोलणी खाल्ली आणि मग लेकीच्या हातातलं पुस्तक वाकून पाहिलं.

"एवढं जाड? यात खून कितव्या पानावर आहे?"

"खून नाहीये, बाबा."

"मग इतकी पानं लोक करतात काय?"

संचिता हसली. ती जवळच्याच शाळेत मराठी शिकवायची आणि घरी आली की वाचायची. बापाला याचा अभिमान होता, कारण नक्की कळत नसलेल्या गोष्टींचा अभिमान बाळगणं सोपं असतं.

खुंटीवर त्यांचा मोतिया रंगाचा सफारी इस्त्री करून टांगलेला होता. खात्यानं त्यांना खाकी दिली होती, पण नाव कमावलं ते या सफारीनं. हायवेवरच्या बारवर छापा घालायचा तर आधी कुणीतरी सेठ बनून आत बसावं लागतं, दिलदारपणे ऑर्डर द्यावी लागते आणि वेळ आली की रुमालानं कपाळ पुसून बाहेरच्यांना इशारा करावा लागतो. खात्यात याला बोगस गिऱ्हाईक म्हणतात. गोरा रंग, सुटलेलं पोट आणि हुकूम सोडायची हौस, म्हणजे दशरथराव जणू यासाठीच जन्माला आले होते.

सात वर्षांत हे गुप्त काम इतकं गुप्त झालं, की काशीगावपासून घोडबंदरपर्यंतचे सगळे दरवान त्यांना सलाम ठोकत. त्यांचं कोपऱ्यातलं टेबल पुसून तयार असे. वेटर कानाशी वाकून विचारी, "सेठ, आज सचमुच का छापा है, की ऐसेच आए?" छापा कधी पडणार ते मालकांना आधी कळायचं, त्यामुळे तो सगळ्यांच्या सोयीनं पडायचा. मालक पाळीपाळीनं एकेक वेटर अटकेसाठी पुढे करत. तो जामिनावर सुटून शनिवारपर्यंत पुन्हा ट्रे घेऊन हजर. आदल्या वर्षी सरकारनं बारमधला नाच बंद केला, तेव्हा बारवाल्यांनी पाटीवर 'ऑर्केस्ट्रा' लिहिलं आणि कायद्याचा मान राखला.

पुढे पुढे दशरथराव छापा नसतानाही जाऊ लागले. मांडवकरांच्या घरात एसी आला. "ओळखीतून स्वस्तात मिळाला," असं त्यांनी सांगितलं. संचितानं मान डोलावली. वाचणाऱ्या माणसाला दोन ओळींमधलं कळतं म्हणतात. इथे तर ओळीच ठळक होत्या. तिनं काही विचारलं नाही. गारवा छान होता.

बुधवारी दुपारी जेवून ते घरच्याच चौकटीच्या शर्टावर निघाले.

"सफारी नाही घालत?" संचितानं विचारलं.

"आज छापा नाही गं बाय. जरा काशीगावला जाऊन येतो."

"सुट्टीच्या दिवशी कसलं काशीगाव?" शैलाताई आतून म्हणाल्या.

"आलोच," दशरथराव म्हणाले.

बारमालकाच्या केबिनमध्ये चहा पिताना त्यांच्या छातीत कळ आली. मालकानं प्रसंगावधान राखून आधी टेबलाचा खण बंद केला. सदू नावाच्या वेटरनं त्यांना पाठीवर घेतलं, हायवेवर पळत जाऊन रिक्षा पकडली. हॉस्पिटलच्या दारातच त्यांचा जीव गेला.

सुट्टीवरचा हवालदार मालकाच्या केबिनमध्ये काय करत होता, हा प्रश्न कुणी विचारण्याआधी खात्याला उत्तर सापडलं. मांडवकर कर्तव्यावर होते. वेश पालटून बसले होते. एका वेटरनं त्यांना ओळखलं आणि झटापटीत जोरात ढकललं, त्या धक्क्यानं हृदय बंद पडलं. वेटर लागणार होता, तो मालकानं दिला. मोठ्या मनाचा माणूस. दिला तोही नेमका ज्याच्या अंगाखांद्याला मयताचा घाम लागला होता तोच.

तिसऱ्या दिवशी सदूची बायको शेवंती काशीगावाहून संचिताकडे आली. आत यायला तयार होईना. उंबऱ्याबाहेरच बसून म्हणाली, "ताई, माज्या मानसानं उचलून रिक्षात घातला त्यांना. दुसरा कोन हात लावत न्हवता. आता उचलला ह्योच गुना हाय काय?"

संचितानं तिला पाणी दिलं. दुसरं काही देता आलं नाही.

त्याच संध्याकाळी फौजदार बापूराव डोईफोडे आले. सोबत एक शिपाई. दोघांनी हार घातलेल्या फोटोला कडक सलाम केला.

"वहिनी, कर्तव्यावर शहीद म्हणून प्रस्ताव वर गेलाय. मांडवकरांचं नाव होणार. ताईंना अनुकंपा तत्त्वावर खात्यात नोकरी. फक्त मयताच्या अंगावरचे कपडे पंचनाम्याला लागतील."

"ते हॉस्पिटलनं तुम्हालाच दिलेत," संचिता म्हणाली. "चौकटीचा शर्ट."

"तो नव्हे. छाप्यातले. सफारी."

"सफारी खुंटीवर आहे. इस्त्री केलेला."

"असू द्या. आम्ही चुरगळून घेऊ."

शिपाई अदबीनं म्हणाला, "साहेब, एखादं बटणही तोडावं लागेल. झटापट झालीय ना."

"आणि सदू?" संचितानं विचारलं.

"कोण सदू? हां, आरोपी. त्याची काळजी करू नका, मालक वकील देतोय त्याला."

"म्हणजे तो नक्कीच आत जाणार."

डोईफोडे सौम्य हसले. शिकलेल्या मुली असं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"दे गो बाय," शैलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "माणूस तर गेला. निदान नाव चांगलं राहू दे."

संचितानं सफारी खाली उतरवला. छाप्याला निघताना बाबा हा घालून पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारायचे आणि विचारायचे, "कैसा लगता है सेठ?" ती म्हणायची, "एकदम चोर." दोघं पोट धरून हसायचे. सात वर्षांत बापलेकीचं या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. त्यातही ती गंमत करतेय असं त्यांना वाटायचं, किंवा तसं वाटू देणं दोघांना परवडायचं. ते आत्ता असते तर तिनं पुन्हा तेच म्हटलं असतं, पुन्हा हसली असती. तिला ते हवे होते. जसे होते तसेच.

शिपायानं हात पुढे केला. तिनं सफारी घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"साहेब, माझा जबाब लिहून घ्या. बाबा छाप्याला गेले नव्हते."

"ताई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"संचिता!" शैलाताई म्हणाल्या.

दार उघडं होतं. समोरच्या पटेलबेन भाजी निवडत कान देऊन बसल्या होत्या. संचिता आवाज खाली आणणार होती. आणला नाही.

"माझे बाबा हप्ता घ्यायचे," ती म्हणाली. "तोच आणायला गेले होते. सदूनं त्यांना वाचवायला उचललं."