पाळण्यातला नवरा

इराणातल्या मशहदच्या ईदगाह मोहल्ल्यात त्या गुरुवारी दुपारी गौहरची मती पार गुंग झाली. समोर गालिच्यावर शेजारची तूबा बसली होती, पिढीजात मुसलमान घरातली; गौहर तिला 'आबजी', म्हणजे ताई, म्हणे. वीस वर्षांचा शेजार, पण आज ती चहा पिताना नजर वर करेना.

"माझे मोठे दीर उद्या येणारेत," ती शेवटी म्हणाली. "तावूसला मागणी घालायला. त्यांच्या धाकट्या मुलासाठी. मला आधी पाठवलंय, तुझं मन बघायला."

तावूस नऊ वर्षांची. मागच्या अंगणात बर्फाचे गोळे करून भिंतीवर फेकत होती.

गौहरच्या लोकांना शहर 'जदीद' म्हणे, म्हणजे नवे मुसलमान. पन्नास वर्षांपूर्वी जमावानं मोहल्ला लुटला, माणसं मारली, आणि उरलेल्यांनी जीव वाचवायला कलमा वाचला. तेव्हापासून ते दिवसा मशिदीत जात आणि शुक्रवारी सांजेला तळघरात यहुद्यांचे दिवे लावत. पोरी बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांची पाळण्यातच आपल्यात सोयरीक करून टाकत. बाहेरून मागणी आलीच तर उत्तर तयार असे: ठरलंय. तावूसचंही ठरलं होतं, गौहरच्या बहिणीच्या, खुर्शीदच्या थोरल्याशी. तो पोरगा उन्हाळ्यात पटकीनं गेला, आणि रडण्याच्या नादात नवीन सोयरीक जुळवायचं कुणाला सुचलंच नाही.

आता नाही म्हणावं तर दीर म्हणणार, म्हणजे अजून यहुदीच आहात तर. हो म्हणावं तर पोर कायमची गेली. नवरा व्यापाराला बुखाऱ्यात. विचारायचं कुणाला?

"तिचं ठरलंय, आबजी," गौहर बोलून गेली.

"कुणाशी? खुर्शीदचा हबीब तर गेला बिचारा. तुझ्या गळ्यात पडून मीच रडले की."

"त्याच्या धाकट्या भावाशी."

"मूसाशी?" तूबानं पेला खाली ठेवला. "अगं, त्याला अजून दात नाहीत!"

"येतील की."

"आणि खुर्शीदला हे ठाऊक आहे का?"

"तिलाच बोलावते," म्हणत गौहर आतल्या खोलीत पळाली. तिथे रजयांच्या थप्पीमागे भिंतीला भगदाड होतं. मोहल्ल्यातली घरं अशी आतून जोडलेली होती, दंगा झाला तर पळता यावं म्हणून. बायका तिथूनच पीठ-मीठ मागायला जात. वाट इतकी सवयीची, की ती चोरवाट आहे हेच विसरायला झालं होतं. गौहरनं बहिणीला हाक मारली, दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि खुर्शीद मूसाला कडेवर घेऊन भगदाडातून अलीकडे आली. दोघी तशाच बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

तूबानं खुर्शीदच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग गल्लीच्या दाराकडे. दाराला आतून कडी होती.

"बाहेर एवढा बर्फ पडतोय," ती सावकाश म्हणाली, "आणि तुझा एक केस ओला नाही, खुर्शीद."

गौहरला वाटलं, आपणच आपल्या हातानं सगळ्या मोहल्ल्याचा गळा कापला. तूबाला हे आत्ता कळलं, की वीस वर्षांपासून ठाऊक होतं? ठाऊक होतं तर बोलली का नाही? आणि आता बोलेल का? त्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

"साखर काढ," तूबा म्हणाली.

"काय?"

"साखरपुडा साखरेशिवाय करतेस का? दीर उद्या यायच्या आत गल्लीला कळायला हवं. मी साक्षीला आहे. बघत काय राहिलीस, आण!"

तावूसला आत बोलावलं. तिच्या ओल्या हातात साखरेचा खडा दिला, मूसाच्या ओठाला एक लावला. तूबानंच टाळ्या वाजवल्या. तावूस विचारत राहिली, "पण बाळाला का?" आणि गौहरनं तिला गप्प बसवलं.

मग तूबा चादर सावरत उठली. "आता मी बाहेर जाऊन आरडाओरडा करणार. मी भांडले हे दिरांच्या कानावर गेलं पाहिजे, नाहीतर ते मलाच फितूर म्हणतील. तूही उलट बोल. गप्प राहिलीस तर खरं वाटायचं नाही."

"आबजी..."

"आणि उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस."

दार उघडलं. तूबा गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "ऐका हो! दूधपित्या पोराला पोरगी देतात, पण आम्हाला नाही!" आजूबाजूची दारं किलकिली झाली. इथपर्यंत ठरल्याप्रमाणेच होतं. "पन्नास वर्षं आमच्या मशिदीत नाक घासतात, आणि रक्त अजून तेच!"

हे ठरलं नव्हतं. की ठरलं होतं? तूबाचे डोळे भरले होते, पण ते रागानं की कशानं, हे गौहरला उंबऱ्यातून कळेना.

"बोल ना," खुर्शीद मागून कुजबुजली. "उलट बोल म्हणाली होती ती."

गौहरनं तोंड उघडलं. शब्द एकदम सुटले. आजीला केसांना धरून ओढलं होतं ते, आजोबांना याच गल्लीत मारलं होतं ते, तुम्ही, तुमचे बाप, तुमचे दीर, तुमचं वाटोळं होवो! ती थांबेचना. एकही शब्द खोटा नव्हता.

तूबानं चादर डोक्यावरून पुढे ओढली आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.