मागे वळून बघणारं बदक

मी एक जुना बिस्किटांचा साचा आहे. आकार बदकाचा. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराने तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला कापलं, तेव्हा माझी मान सरळ होती. या घरच्या आईने मला हौसेने आणलं आणि वर्षअखेरच्या सुट्टीत मसाल्याची बिस्किटं करायची प्रथा पाडली.

दालचिनी, लवंग आणि सुंठ कुटली की घरभर वास सुटायचा. पहिलं बदक कुणी कापायचं, यावरून दादा आणि धाकटीची जुंपायची. अशाच एका ओढाताणीत मी खाली पडलो आणि दादाची टाच माझ्या मानेवर पडली. तेव्हापासून माझं प्रत्येक बदक मागे वळून बघतं. आई म्हणाली, "राहू दे. आपली बिस्किटं लांबून ओळखू येतील." मित्रांनो, व्यंगाचं असं कौतुक फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी फुगलो होतो, हे कबूल.

मानेच्या त्या बाकात कणीक अडकून बसायची. धाकटी ती टाचणीने कोरून काढायची आणि कच्चीच खायची. सासरी गेली, घराची आत्या झाली, तरी सुट्टीत माहेरी आली की आधी मला हातात घेऊन टाचणी शोधायची. आई गेल्यावर दादा आणि वहिनींनी प्रथा चालू ठेवली. निदान गेल्या वर्षापर्यंत.

यंदा दादाने ओट्यावर ठेवून माझा फोटो काढला. मला वाटलं, सत्कार असावा. तो फोटो बेकरीत गेला. तिथे माझ्यासारखा प्लॅस्टिकचा साचा बनला, वाकड्या मानेसकट! दादाची टाच, आईचं हसू, सगळं एका फोटोत उरकलं. बिस्किटं खोका भरून आली. ती सुद्धा मागे वळून बघत होती. कशाकडे, त्यांचं त्यांना ठाऊक.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण वहिनींनी ओट्यावर मैदा भुरभुरवला. तव्यावर दालचिनी गरम करून वास सोडला. मग माझ्या तोंडाला कोरडं पीठ फासून मला मोरीत ठेवलं.

"अगं, जरा जास्तच होतंय," दादा म्हणाला.

"तुमच्या बहिणीला मी ओळखून आहे. ती आधी साचा बघेल."

माझा खोटा साक्षीदार झाला होता, मित्रांनो. आता सगळी भिस्त आत्यावर होती.

आत्या आली. चप्पल काढली, थेट मोरीशी गेली. मला उचललं, टाचणी बाकात घातली. आत कणीक नव्हती, नुसती भुकटी. तिने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. बोल, मी मनात म्हटलं, बोल!

"वहिनी, बदकं काय सुरेख झालीत हो!" आत्या म्हणाली.

वहिनी लाजल्या. त्या चहाचे कप घेऊन बाहेर जाताच आत्याने दादाला कोपऱ्यात गाठलं. "कुठली बेकरी? नंबर दे मुकाट्याने."

"कसली बेकरी?"

"मला नको शिकवूस. आमच्याकडचा बेकरीवाला मेला सुंठच फार घालतो."

दादाने आ वासला. "म्हणजे तू दरवर्षी घरची म्हणून डबा भरून आणतेस तो..."

"हळू बोल. वहिनींना कशाला सांगतोस?"

दोघं लहानपणीसारखी खुसखुसून हसली. हसता हसता आत्याने मला पुन्हा मोरीत टाकलं. टाचणी मात्र तिने नीट पुसून डबीत ठेवली.

आता मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. पाहुणे मला बघून म्हणतात, "अजून घरी करता? कमाल आहे!"

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जमेल तर वापरा. कंटाळा आला तर खुशाल माळ्यावर टाका, ती तक्रार करणार नाही. मात्र न केलेल्या कामाचं पीठ तिच्या तोंडाला फासू नका. बाकाच्या जागी ते लवकर निघत नाही.