गढूळ पाण्यातली साक्ष

वकिली सोडली तेव्हा बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी शिडाची होडी चालवायला शिकून घेतलं, मग समुद्रतळाच्या पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम पुरा केला. मुलगा म्हणाला, "आई, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच." त्याच्याकडे लक्ष न देता त्या एका बुडालेल्या जहाजाच्या मोहिमेवर रुजू झाल्या.

बोटीच्या कप्तानाने त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं. तेरा वर्षांपूर्वी दोन बोटींची टक्कर झाली होती. कप्तानाचा थोरला भाऊ त्यातल्या एका बोटीच्या सुकाणूवर होता. भोंगा वाजवला होता, असं तो कोर्टात सांगत राहिला. दुसऱ्या बोटीच्या वकील म्हणून बाईंनी उलटतपासणीत त्याला असा गुंडाळला, की शेवटी त्याचीच जीभ अडखळली. त्याचा परवाना गेला.

कप्तानाने बाईंना बोटीच्या तळातलं सडकं पाणी उपसायला लावलं. जेवायला बोलावणं शेवटी. बाई मुकाट्याने करत राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात बुडी मारली तेव्हा त्यांना समुद्राच्या तळाशी दगडी नांगर सापडला. तळात ठोकलेल्या खुंटीपासून त्याचं अंतर टेपने मोजून त्या वर आल्या, पण आकडा नकाशाशी जुळेना. मोहिमेचे प्रमुख वैतागले. तेवढ्यात कप्तान म्हणाला, "बाईंनी टेप खुंटीला लावलीच नव्हती. मी वरून बघत होतो."

बाईंचा आवाज एकदम जुना, कोर्टातला झाला. "इथे पाणी किती खोल आहे?"

"अकरा मीटर."

"आणि सकाळी नोंदवहीत काय लिहिलंत?"

बाईंनीच वही उघडून वाचलं, "'पाणी गढूळ. दोन मीटरच्या पुढे दिसत नाही.' अक्षर तुमचंच ना?"

प्रमुखांनी दुसऱ्या पाणबुड्याला खाली धाडलं. बाईंचा आकडा बरोबर निघाला. चूक नकाशात होती. "पुढच्या हंगामाला दुसरा कप्तान बघतो," प्रमुख म्हणाले आणि आत गेले.

डेकवर सगळे खलाशी ऐकत होते. कप्तान म्हणाला, "आज मी खोटा होतो, कबूल. पण भाऊ खरा होता."

"भोंगा वाजला होता," बाई म्हणाल्या. "मला तेव्हाही माहीत होतं."

"मग हे कोर्टात बोलायचं होतं. इथे माशांना सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी बाई पाण्यात उतरायला सज्ज झाल्या, पण वरून त्यांच्या कमरेची दोरी धरायला एकही खलाशी पुढे आला नाही. प्रमुखांनी दटावून पाहिलं. एकाचे हात दुखत होते, दुसऱ्याला इंजिन बघायचं होतं. उरलेला हंगाम बाई डेकवर बसून तळातून वर काढलेली खापरं धूत राहिल्या.

किनाऱ्यावर परतल्यावर त्या थोरल्या भावाच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"ते घरातच आहेत," ती म्हणाली, "पण तुम्हाला भेटणार नाहीत," आणि तिने दार लावून घेतलं.