काळी पाचचा हट्ट

“आजी, तुम्ही चर्चमधलं गाणं कधी सोडणार?”

विचारलं हर्षालीने, पण प्रश्न होता तिच्या मैत्रिणींचा, भाग्यश्री आणि मीनाचा. हिंमत असेल तर विचारून दाखव, म्हणून दोघींनी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाण्याचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून हर्षालीची हिंमत इतकी वाढली होती की दप्तरात ती ठेवायला जागा पुरत नव्हती. दहावीची पुस्तकं तेवढी घरी राहायची.

या आजी म्हणजे गोजराबाई, बहात्तर वर्षांच्या. शरणपूर रोडजवळच्या त्या छोट्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेचं पहिलं गीत गेली चौतीस वर्षं त्याच सुरू करत. त्यांनी पहिली ओळ म्हणायची, मग मंडळीने उचलायची, असा रिवाज. नाताळला तीन आठवडे उरले होते आणि नाताळच्या सकाळची ती पहिली ओळ हर्षालीला हवी होती. त्यासाठी ओढणीसुद्धा ठरली होती. फक्त कुणी तिला विचारलं नव्हतं, एवढंच.

घोळ असा झाला, की प्रश्न विचारायला तिने शनिवारचा सराव निवडला. रविवारी गळा ताजा राहावा म्हणून गोजराबाई शनिवारी दिवसभर अवाक्षर काढत नसत. हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं, पण जिचे कान कायम स्वतःच्याच आवाजाकडे, तिला कुठून ठाऊक असणार? आजी नुसत्या बघत राहिल्या. त्यांना कमी ऐकू येत असेल असं समजून हर्षालीने तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला. पेटीवर सहादूकाकांचे हात जागीच थांबले. आजींनी पर्समधून मागच्या रविवारचं पत्रक काढलं, कोऱ्या बाजूला एक ओळ लिहिली आणि तिच्या हातात दिली.

‘उद्याचं गीत तू सुरू कर.’

त्या आनंदात हर्षालीने आपल्या गळ्याची घेतलेली काळजी सांगण्यासारखी आहे. आधी ही बातमी दोन्ही मैत्रिणींना फोनवर किंचाळून सांगितली. मग शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना चालू होता, तिथे आपल्या संघासाठी ओरडली. थोड्या वेळाने दुसऱ्या संघासाठीही ओरडली, कारण आज सगळेच आवडत होते. मग तिखट पाणीपुरी, वर डिसेंबरच्या थंडीत कुल्फी. आणि संध्याकाळी गच्चीवर तासभर रियाज, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेईपर्यंत.

रविवारी सहादूकाकांनी पट्टी विचारली. आजींची पांढरी चार असायची.

“काळी पाच,” हर्षाली म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “पोरी, फार वर जाईल. लोकांना झेपायची नाही.”

“माझी तीच आहे, काका. बक्षीस त्याच पट्टीत मिळालंय.”

पहिली ओळ झकास लागली. मम्मीने रुमाल डोळ्यांना लावला. मंडळीने माना उंच करून ध्रुवपद कसंबसं ओढलं, तरी हर्षालीला तो कौतुकाचाच प्रकार वाटला. मग अंतरा आला. आधी मागच्या बाकांवरचे पुरुष गळाले, मग बायका. शेवटी उरली ती एकटी आणि वर दिसणारा तो स्वर. तिने त्याच्याकडे झेप घेतली आणि घशातून जे बाहेर पडलं, ते अर्ध्यात अडकलेली कुकरची शिट्टी म्हणून खपलं असतं. पुढे काहीच आलं नाही. नुसती पेटी वाजत राहिली.

तेवढ्यात बाजूच्या बाकावरून गोजराबाईंनी ध्रुवपद पुन्हा धरलं, खालून, सावकाश. काकांची बोटं आपोआप पांढरी चारवर आली. एकेक करत सगळे परतले. काठी घेऊन येणाऱ्या विठाबाईसुद्धा गायला लागल्या. हर्षाली आपल्या बुटांकडे बघत उभी राहिली. बूट नवे होते, हे आता उगाचच वाटत होतं.

उपासनेनंतर तिने आजींना गाठून कुजबुजत माफी मागितली.

“कुजबुजू नकोस,” आजी म्हणाल्या. “त्याने गळा जास्त दुखावतो. नीट बोल, नाहीतर गप्प बस.”

त्यांनी थर्मासमधलं कोमट पाणी दिलं आणि सांगितलं, की साठीला त्यांचाही असाच हट्ट होता. एका ईस्टरला भर उपासनेत आवाज चिरला, तर लाजेने दोन महिने त्या चर्चला आल्या नाहीत. तेव्हापासून खाकरणं बंद, रोज सकाळी मिटल्या तोंडाने पंधरा मिनिटं गुणगुणणं, आणि काही वर्षांनी पट्टी थोडी खाली.

“पण नुसती माझ्यासाठी नाही उतरवली गं. माझ्याबरोबर बाकीचेही म्हातारे झालेत. त्यांना गाता यायला नको?”

“मग मला का सुरू करायला दिलंत?” हर्षाली घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“नाताळला तुलाच उभं करणार होते, म्हणून. वाटलं, लोकांकडे बघून पट्टी घेशील.” आजींनी थर्मासचं झाकण लावलं. “अजूनही हवं असेल तर घे. तू ठरव.”

घरी जाताना पप्पा धीर देत होते, पहिल्यांदा होतंच असं, नाताळला दाखवून दे सगळ्यांना. नांदगावच्या आत्याला तर त्यांनी उपासना सुरू व्हायच्या आधीच फोनवर नाताळचं आमंत्रण दिलं होतं. जेवताना हर्षालीने तोंड उघडलं, पण फुटका आवाज मिक्सरच्या घरघरीत बुडाला. मम्मीने मिक्सर बंद केला.

“नाताळचं गीत आजीच सुरू करतील,” हर्षाली म्हणाली. “मी विठाबाईंच्या बाकावर बसून गाणार आहे. आत्याला यायचं असेल तर येऊ दे, पण मी एकटी ऐकू येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.”