आपणच आपले डॉक्टर

बांधकामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणायचे. क्रेन चालवायचा तो. जमिनीपासून साठ मीटरवर, लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला, एका माणसापुरती काचेची केबिन होती. तिच्यात एक खुर्ची, दोन हातांशी दोन दांडे, पाण्याची बाटली आणि वॉकीटॉकी. सकाळी सातला शिडी चढला की जेवायला एकदा खाली, नाहीतर थेट संध्याकाळी.

खालून त्याला वाट दाखवायचं काम 'शिट्टी' म्हणवणाऱ्या सोबत्याचं. वॉकीटॉकी यायच्या आधी तो खरोखर शिट्टी वाजवून इशारे द्यायचा. नाव चिकटलं ते चिकटलं. "थोडं डावीकडे. अजून हातभर. बस्स. आता सोड, हळू." अकरा वर्षं हे असं कानात बोलणं. बायकोशी जेवढं बोलले नसतील तेवढं दोघं एकमेकांशी बोलले होते.

म्हणूनच शिट्टीला फार लवकर कळलं होतं, की हा एक माणूस नाही, दोन आहेत. काही आठवडे वरचा असा काही कामाला लागायचा की इंजिनीयर त्याचं उदाहरण इतरांना द्यायचा. दिवसाचे भारे दुपारपर्यंत संपवायचा. वॉकीटॉकीवर नकला करायचा, हुकाची नवीन रचना समजावून सांगायचा, जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या फाडून त्यांवर आराखडे काढायचा. एकदा त्याने स्वतःच्या दोन खोल्या एका आठवड्यात तीन वेळा रंगवल्या. मग एक दिवस कुणीतरी बटण बंद केल्यासारखा तो गप्प व्हायचा. शिट्टीच्या दहा वाक्यांना एक "हं". शिडीच्या अर्ध्यावर दांडा धरून पाच-पाच मिनिटं नुसता उभा.

असं झालं की त्याची बायको ऑफिसात फोन करायची. ती घरी पडदे शिवायची. फोन करताना मशीन थांबवायची, म्हणजे आवाज नीट जाईल. "ताप आहे." पुढच्या खेपेला, "कंबर धरली." शेजारणीला तिसरंच काही. आत नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला, आठ-आठ दिवस त्याच सदऱ्यात. लेक शाळेतून आली की आधी आईच्या तोंडाकडे बघायची, मग चप्पल काढायची.

"डॉक्टरला दाखवू या," बायको म्हणायची.

"कशाला? मला काय झालंय ते मला माहीत आहे."

ते त्याला खरंच माहीत होतं. त्याचा बाप असाच होता, सहा महिने राजा आणि सहा महिने मुका. वरचा बारा वर्षांचा असताना बापाला चार माणसांनी धरून गाडीत घातलं आणि एका इस्पितळात नेलं. वर्षाने परत आला तेव्हा त्याला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. आईच लावायची. वरच्याच्या मनात डॉक्टर म्हणजे ती बटणं.

दुसरी अडचण कागदाची. क्रेनवाल्याची दरवर्षी तपासणी होते, अर्जावर प्रश्न असतो, मनाचा काही आजार आहे का. तो दरवर्षी 'नाही'वर खूण करायचा. एकदा 'हो'वर खूण झाली की शिडी बंद. आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणजे बरं व्हायचं तर काम सोडा, काम ठेवायचं तर आजार लपवा. इकडे आड तिकडे विहीर.

मग त्याने तिसरीच वाट काढली. आपणच आपला डॉक्टर झाला.

कपाटात कपड्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात झोपेच्या गोळ्या. घराजवळचा औषधवाला चिठ्ठी न मागता द्यायचा, कारण एकदा वरच्याने त्याच्या दुकानाचं शटर फुकटात दुरुस्त करून दिलं होतं. मेव्हणीला कधीकाळी उदासीसाठी मिळालेल्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी त्याच डब्यात. फार वर चढलं की संध्याकाळी दारूचे दोन पेले आणि झोपेची गोळी. फार खाली गेलं की मेव्हणीची गोळी. शिट्टी जसा भार वर-खाली करायला सांगायचा, तसा हा स्वतःला वर-खाली करू लागला. आणि सुरुवातीला जमलंही. दीड वर्ष बायकोला एकदाही खोटा फोन करावा लागला नाही. डबा कपाटात दिसला तेव्हा तिने विचारलं, "हे काय?"

"माझं मी बघतोय ना? घर चाललंय ना?"

घर चाललं होतं. ती गप्प बसली. पुढे तिने स्वतःला बोल लावला तो या गप्प बसण्यासाठी.

पुढच्या साली तो उदासीत खाली गेला तो वर येईचना. मेव्हणीची गोळी त्याने एकाच्या जागी दोन केली. पंधरा दिवसांत उदासी गेली, पण ती गेली तरी हा वर चढायचा थांबला नाही. झोप उडाली. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. डोकं असं धावत होतं की एक विचार पुरा व्हायच्या आत दुसरा त्याच्या पाठीवर चढायचा. पाचव्या दिवशी भल्या सकाळी त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या. झोपण्यासाठी नाही; डोकं जरा आवरावं म्हणून. आणि कामावर गेला.

नऊच्या सुमारास सळ्यांचा भारा उचलला. तो आठव्या मजल्यावर ठेवायचा होता. तिथे पाच माणसं उभी होती.

"उजवीकडे घे," शिट्टी म्हणाला. "अजून. थांब. थांब म्हटलं ना!"

भारा थांबला, पण झोके घेत.

"काय रे? झोपलास काय?"

मग वरच्याचा आवाज आला, जीभ जड झालेली. "शिट्टी, मला दोन भारे दिसतायत."

शिट्टीने खालून ओरडत, हात हलवून आठव्या मजल्यावरची माणसं जिन्याकडे पिटाळली. एकाने वरून हसत ओरडून विचारलं, "काय झालं?" त्याला त्याने अशी शिवी दिली की तो पळतच सुटला.

"ऐक," शिट्टी वॉकीटॉकी तोंडाला लावून म्हणाला. "डोळे मीट."

"काय?"

"मीट डोळे. दोन दिसण्यापेक्षा काही न दिसलेलं बरं. मी सांगतो तेवढंच कर. डावा हात, अगदी थोडा मागे. सोड. वारा जाऊ दे. आता पुन्हा थोडा."

तो भारा रिकाम्या आवारात टेकायला वीस मिनिटं लागली. एरवीचं काम दोन मिनिटांचं. सळ्या जमिनीला लागल्याचा खणखणाट झाला तेव्हा शिट्टीने आधी हूक सोडवला.

"आता खाली ये."

"नाही येत."

"का?"

"खाली काय आहे माझं?"

शिट्टीला उंचीची भीती होती. अकरा वर्षांत तो शिडीच्या पहिल्या टप्प्यापलीकडे गेला नव्हता. त्या दिवशी चढला. वर पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही, समोरच्या गंजलेल्या पट्टीकडे बघत चढला. केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. तो दाराशी जाळीवर बसला, दोन्ही हातांनी कठडा आवळून. आत वरचा दांड्यांवर डोकं टेकून बसला होता. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ.

"काय घेतलंस?" शिट्टीने विचारलं.

त्याने सांगितलं. आधी सकाळचं, मग डब्याचं, मग बापाचं. सांगताना मध्ये मध्ये डोळे मिटत होते, तेव्हा शिट्टी त्याच्या पोटरीला चिमटा काढायचा.

"खाली सांग, पित्ताने चक्कर आली," वरचा म्हणाला. "कुणाला कळणार नाही. चार दिवस घरी राहतो, नीट होतो."

शिट्टीने आता पहिल्यांदा खाली पाहिलं. खाली इंजिनीयर आणि वीस-पंचवीस माणसं माना वर करून उभी होती.

"सांगशील ना?"

"नाही."

"माझी भाकरी जाईल."

"जाईल. मी तुझ्यासाठी काय कमी खोटं बोललो? उशीर झाला तर मशीन तपासतोय म्हटलं, गप्प राहिलास तर वॉकीटॉकी बिघडलाय म्हटलं. आज तिथे पाच माणसं होती. त्यांतल्या एकाचं लग्न ठरलंय." त्याने कठड्यावरचा एक हात सोडून आठव्या मजल्याकडे बोट केलं. "तू माझ्या डोळ्यांनी बघतोस ना? मग मला जे दिसतंय ते ऐक. तू आजारी आहेस."

"तू वैरी निघालास," वरचा म्हणाला.

"बरं. वैरी तर वैरी. पाय उचल."

बचावाच्या माणसांनी दोरी लावून त्याला उतरवेपर्यंत दुपार झाली.

मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा सतत कपाळावर. वरचा हाताची घडी घालून बसला. पत्र्याचा डबा बायकोने टेबलावर ठेवला. बाईंनी एकेक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"उदासीची ही गोळी वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचा आजार नुसत्या उदासीचा नाही, बायपोलर आहे. दोन्ही टोकांचा. त्यात ही एकटी घेतली की माणसाला तळघरातून काढते आणि थेट गच्चीच्या कठड्यावर नेऊन उभं करते."

"मला इथे ठेवणार?"

"कशाला?"

"माझ्या वडिलांना ठेवलं होतं."

त्याने बटणांची गोष्ट सांगितली. बाईंनी ती मध्ये न तोडता ऐकली. "तेव्हा त्यांना काय दिलं, किती दिलं, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. औषधासाठी तुमचं रक्त तपासत राहू. हात थरथरले तर मला सांगायचं, स्वतः गोळी कमी करायची नाही. एवढं एक काम माझ्याकडे द्या."

शिडी बंद झाली. त्याला खालच्या गोदामात साखळ्या आणि हुक तपासायला बसवलं, पत्र्याच्या छपराखाली, एका स्टुलावर. बाईंच्या नव्या औषधाने, लिथियमने, हात थरथरायचे, तहान लागायची, जिभेवर नाण्याची चव असायची. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, झोपेची वेळ. दारू बंद. केबिनमध्येसुद्धा इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं, असं तो बायकोला म्हणाला. "डोक्यात कुणी बोलतच नाही गं. सगळं पाण्याखाली."

शिट्टीशी तो सात महिने बोलला नाही. शिट्टी रोज गोदामाच्या दारावरून जाताना म्हणायचा, "काय, कसं काय?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचा.

एकदा वरच्याने गोळ्या थांबवल्या, कुणाला न सांगता. नवव्या दिवशी त्याच्याच लक्षात आलं, की आपण गोदामातल्या सगळ्या साखळ्या काढून लांबीप्रमाणे पुन्हा लावतोय आणि सकाळपासून जेवलो नाही. तो तसाच उठला, दारातून जाणाऱ्या शिट्टीला हाक मारली.

"मला दवाखान्यात सोड. एकटा गेलो तर मध्येच कुठेतरी वळेन."

शिट्टीने हातातली टोपी खिळ्याला अडकवली आणि निघाला.

बाईंनी औषधाचं प्रमाण बदललं. थरथर कमी झाली, गेली नाही. पुढच्या हिवाळ्यात उदासी आलीच, पण अंथरुणावर चार दिवस राहून गेली.

मग एका संध्याकाळी जेवताना लेकीने वर्गातल्या बाईंच्या शिंकेची नक्कल करून दाखवली. वरचा मोठ्याने हसला, अगदी पूर्वीसारखा. बायकोचा हात पातेल्यात थांबला. लेकही त्याच्याकडे बघत राहिली.

त्याला दोघींचे चेहरे दिसले. हसू ओठांवर तसंच राहिलं, काय करावं ते त्याला कळेना.

"साधंच हसलो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण लक्ष ठेव."

"ठेवलंय," बायको म्हणाली, आणि त्याला वाढलं.