दोन रेघांतली खरी कुठली?

मंडळी, डोळा खाजला की आपण काय करतो? चोळतो. तर ऐका.

एका मिस्त्रीची लेक बापाच्याच सुतारखान्यात करवत चालवायची. हात इतका सुबक, की टेबलांचं सगळं काम बापानं तिच्यावर सोडलेलं. पण दिवसभर भुशात उभं राहायचं, म्हणून पोरगी डोळे मुठीनं कराकरा चोळायची. बापही चोळायचा. सवयच होती घरची.

मग तिच्या फळ्या चुकायला लागल्या. कापायची ती रेघ सोडून बाजूनंच. चष्मा बदलला, तरी तेच. बाप आधी कुरकुरला, मग लक्ष कुठं असतं म्हणून ओरडला, आणि एक दिवस करवत काढून घेऊन तिला घासकामाला बसवलं.

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मला तुमच्या एका रेघेच्या दोन दिसतात. खरी कुठली, ते अंदाजानं धरते."

बापानं तिला तसंच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की बुबुळ पातळ होऊन पुढं टोकदार येतंय, आणि चोळल्यानं आणखी बिघडतंय. औषधाचे थेंब घालून वर खास किरण सोडायचे, म्हणजे बुबुळ घट्ट होतं.

तसं केलं. पण पोरीला आधीपेक्षा धुरकट दिसायला लागलं! बाप तणतणत दवाखान्यात गेला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मिस्त्री, खिळखिळी खुर्ची सरस लावून आवळता, तेव्हा ती नवी होते का?"

"नवी कशी होईल? पुढं मोडत नाही, एवढंच."

"मग हेही तसंच. धुरकटपणा बहुतेक हळूहळू ओसरेल. रेघेशेजारी तिची सावली दिसतच राहिली तर डोळ्यात घालायची कडक लेन्स देऊ. पण बुबुळ आणखी बिघडण्याआधी आत्ताच आवळायला हवं होतं. तपासणी चुकवू नका, आणि चोळणं बंद."

बापानं करवत पोरीला परत दिली, आणि तेव्हापासून तो पेन्सिल बाजूला ठेवून पटाशीच्या टोकानं रेघ कोरून द्यायचा. पोरीच्या बोटाला लागावी म्हणून.

पुढं धूर ओसरला, लेन्स बसली. पहिल्याच दिवशी तिनं पेन्सिलीच्या रेघेवर फळी सरळ कापली. बापाचे डोळे भरून आले, मूठ वर गेली.

"बाबा, हात खाली," करवतीवरची नजर न हलवता पोरगी म्हणाली.

मंडळी, डोळे चोळू नका. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर बुबुळ तपासून घ्या. आणि पोरांवर ओरडण्याआधी त्यांना काय दिसतंय, तेवढं विचारा.