श्वास धरायची सवय

आमच्या ह्यांचं तोंड बंद असायचं ते फक्त झोपेत. सलूनच्या धंद्याला ते शोभतही होतं. पण पुढे फुफ्फुसांनी हात टेकले आणि एक वाक्य पुरं होईस्तोवर दम संपायला लागला. सिगारेट कधीच सुटली होती, तिने लावलेलं दुखणं मात्र मुक्काम ठोकून बसलं.

दुकान मुलगा बघू लागला. दोन खुर्च्यांपैकी खिडकीजवळची ह्यांची. एक दिवस मुलाने खाली मान घालून सांगितलं, की ती काढून तिथे केस धुवायचं बेसिन बसवतो. मला मुलाचा राग आला, पण त्याचंही खोटं नव्हतं. हातात वस्तरा असताना बाबांना धाप लागली तर समोरच्याच्या गळ्याचं काय, ही त्याची भीती. मी म्हटलं, बेसिन येईपर्यंत थांब, आधी ह्यांना व्यायामाला नेते.

डॉक्टर कधीपासून मागे लागले होते. ह्यांचं म्हणणं, चाललं की दम लागतो, मग चालायचंच कशाला? असं म्हणत म्हणत पायांतली ताकदही गेली होती.

दवाखान्याच्या मागच्या लांबट खोलीत हा व्यायामाचा वर्ग भरायचा. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची, पण तिच्यापुढे कोणाची डाळ शिजायची नाही. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायची, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला लावायची, मग चालवायची. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये, एवढाच वेग ठेवा म्हणायची. ह्यांना बोलायची परवानगी मिळाली म्हटल्यावर काय विचारता. सगळा वर्ग हसवला. हळूहळू घरचा जिना चढताना मधल्या वळणावर बसणं बंद झालं.

पण हात वर गेले की गाडी अडायची. हलकी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची, बस. तेवढ्याने हे खुर्चीत कोसळायचे. केस कापणाऱ्याचे हात दिवसभर वरच असतात.

एके दिवशी ती समोर उभी राहून निरखत होती. म्हणाली, "काका, हात उचलला की तुम्ही श्वास का धरता?"

ह्यांना पत्ताच नव्हता. मग आठवलं. वस्तरा कातडीला लागला की श्वास धरायचा, म्हणजे हात हलत नाही, असं ह्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. पुढे सवयच जडली. नेमकी हवा हवी तेव्हाच हे दार लावून घेत होते.

तेव्हापासून नियम झाला: हात वर, श्वास बाहेर. काठी उचलताना, फळीवरचा डबा काढताना, दोरीवर कपडे टाकताना. कपडे वाळत घालणारा नवरा मिळाला, हा माझा वरचा फायदा. मग फेस लावलेल्या फुग्यावर वस्तरा फिरवायचं सुरू झालं. सुरुवातीला फुगे फटाफट फुटले. पुढे फुटेनासे झाले.

बेसिन दुकानात आलं, त्या सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. ह्यांनी आपली खुर्ची पुसली आणि मुलाला बसायला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनकडे पाहिलं. बसला बिचारा.

ह्यांनी फेस लावला. ओठांचा चंबू झाला आणि वस्तरा कानापासून सावकाश खाली आला. एक गाल झाल्यावर हे थांबले, खुर्चीच्या पाठीला टेकून शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला, त्यात लाज कसली ती नाही. दुसराही गाल झाला. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा मुलाने डोळे घट्ट मिटले, खांदे कानांपर्यंत गेले.

"श्वास का धरलास?" हे म्हणाले. "सोड. हात माझा आहे."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. वस्तरा गळ्यावरून फिरला, कुठे ओरखडासुद्धा नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मुलाने टॉवेलने तोंड पुसलं आणि बेसिन ओढत मागच्या भिंतीकडे नेलं. पहिलं गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा हे खिडकीजवळची खुर्ची झटकत होते. मी घरी निघाले. आता कपडे मलाच वाळत घालायचे होते.